खाजगीपण घराचे की माणसाचे?

शहादा तालुक्यात टेंभली नावाचे एक लहान गाव आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातला पहिला आधार क्रमांक या गावातल्या एका कष्टकरी बाईंना देण्यात आला. त्या बाईंचे नाव जगजाहीर आहे. ज्याला हवे त्याला ते क्षणात सापडेल. तरीही आम्ही ते येथे लिहीत नाही. यात कसलाही आव नाही. त्या काळच्या बातम्यांतून त्यांच्या नावाबरोबर त्यांचा बारा आकडी क्रमांकही छापला गेला, आणि तो छापताना कुणालाच काही खटकले नाही, एवढे एकच कारण त्यासाठी आम्हांला पुरेसे वाटते. या देशातला पहिला आधार क्रमांक जन्मतःच चव्हाट्यावर आला. आज आम्हांला ज्या गोष्टीवर वाद घालायचा आहे तिचे बीज त्या दिवशीच्या त्या निरागस बेफिकिरीत आहे.

२०१० साली याबाबतचा कायदाच नव्हता, असे कुणी म्हणेल, आणि ते खरे आहे. आधारचा कायदा २०१६ साली झाला. त्याच्या २९ व्या कलमाने कुणाचाही आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करण्यास मनाई केली. परंतु कायदा आल्यावरही माणसामाणसांत फरक राहिलाच. मार्च २०१७ मध्ये महेंद्रसिंग धोनीच्या आधार अर्जावरचा मजकूर नोंदणी करणाऱ्या एका केंद्राने उत्साहाच्या भरात ट्विटरवर टाकला. त्याच्या पत्नीने थेट केंद्रीय मंत्र्यांकडे तक्रार केली आणि त्या केंद्रावर दहा वर्षांची बंदी आली. येथे एका नातेवाइकाने आपल्या माणसाच्या खाजगीपणाची राखण केली, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र नातेवाइकाची भूमिका नेहमी राखणदाराची असते काय? आमचा प्रश्न नेमका हा आहे.

आमच्यासारख्या मराठीच्या अध्यापकांनी या विषयात का पडावे, असे विचारले जाईल. आम्ही पडलो ते एका वाक्यामुळे. प्राध्यापक-कक्षात, लग्नकार्यात, एस.टी.च्या प्रवासात ते आम्ही अनेकदा ऐकले आहे: ‘घरच्या माणसांत कसली आली प्रायव्हसी?’ बायकोचे आधार कार्ड नवऱ्याच्या पाकिटात, सुनेचे सासऱ्याच्या पेटीत, म्हाताऱ्या आईचे धाकट्या मुलाच्या मोबाइलमध्ये, आणि बहिणीचा पॅन क्रमांक भावाच्या हिशेबनिसाकडे, हे आपल्याकडे इतके सर्रास आहे की त्याला नावच नाही. ज्याला नाव नाही त्यावर टीकाही होत नाही. याच वाक्याची एक सुशिक्षित आवृत्तीही आहे, आणि ती आमच्या क्षेत्रातले लोक अधिक बोलतात. ‘खाजगीपणा ही व्यक्तिवादी पाश्चात्त्य कल्पना आहे, आपली संस्कृती कुटुंबाची, आपल्या भाषेत तर त्यासाठी धड शब्दही नाही,’ अशी ती आवृत्ती. साध्या आवृत्तीत भोळेपणा तरी असतो. सुशिक्षित आवृत्तीत सोय असते. देशीपणाचा आधार घेऊन घरातल्या बलवानाची बाजू राखण्याची ही सोय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम शब्दाबद्दल. आपल्या भाषेत शब्द नाही हे म्हणणे मुळातच चूक आहे. ‘खासगी’ किंवा ‘खाजगी’ हा शब्द अरबी ‘खास’वरून फारसीमार्गे मराठीत आला आणि पेशवाईच्या कागदपत्रांत तो चांगला मुरलेला आहे. तेथे दौलत वेगळी आणि खासगी वेगळी. दौलत राज्याची, तर खासगी म्हणजे धन्याची स्वतःची मिळकत. होळकरांच्या संस्थानात तर या शब्दाला याहूनही विशेष अर्थ आला. १७३४ साली मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे पेशव्यांकडून खासगीची जहागीर मिळाली. पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. अहिल्याबाईंनी देशभर बांधलेले घाट, धर्मशाळा आणि मंदिरे यांचा खर्च या खासगीतून झाला, अशी परंपरा आहे. आणि इंदूरचा खासगी ट्रस्ट आजही त्या शब्दाची आठवण बाळगून आहे. म्हणजे मराठी मुलखाच्या इतिहासात ‘खासगी’ याचा एक अर्थ घरातल्या स्त्रीच्या हाती असलेली, जिचा हिशेब पुरुषाच्या दौलतीत मिसळत नाही अशी गोष्ट, हा होता. अर्थात ती सोय राजघराण्यातल्या स्त्रियांपुरती होती, हे आम्ही विसरत नाही. पण ‘आपल्यात ही कल्पनाच नव्हती’ असे म्हणणाऱ्यांनी मोडीतले दप्तर एकदा चाळावे.

आता वाङ्मयाबद्दल. आम्ही वर्गात ‘पण लक्षात कोण घेतो?’ शिकवतो. हरिभाऊ आपट्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यमूच्या तोंडून तिची कहाणी प्रथमपुरुषी सांगितली. मराठी कादंबरीतला हा मोठा टप्पा आहे, असे आपण परीक्षेत लिहून घेतो. मोठा कशासाठी? कुटुंबाच्या गजबजाटात एका बाईला स्वतःचे असे काही असते, ते इतर कुणी तिच्या वतीने बोलू शकत नाही, हे त्या निवेदनपद्धतीनेच मान्य केले म्हणून. १९३० च्या दशकात लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आली. पतीच्या चरित्रासाठी आठवणी लिहिण्याच्या निमित्ताने सुरू झालेले ते लेखन शेवटी लक्ष्मीबाईंचे स्वतःचे होऊन बसले. माणसाचे स्वतःचे म्हणून काही असते, हे आम्हांला युरोपातून कुणी येऊन शिकवण्याची वाट मराठी वाङ्मयाने पाहिली नाही. ते शिकवणारी पुस्तके अभ्यासक्रमात लावून, त्यांवर दीर्घोत्तरी प्रश्न काढून, घरी आल्यावर मात्र बायकोच्या मोबाइलचा पासवर्ड मागणारा मराठीचा प्राध्यापक हा आमच्या टीकेचा पहिला विषय आहे. त्या टीकेतून आम्ही स्वतःला वगळलेले नाही.

तरीही विरुद्ध बाजूच्या एका मुद्द्यात तथ्य आहे, आणि ते सांगायला शहाद्याइतकी योग्य जागा दुसरी नाही. ‘खाजगी’ हा शब्द अत्याचाराचे पांघरूण म्हणूनही वापरला गेला आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला या तालुक्यात अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने भिल्ल शेतमजुरांचे आंदोलन उभे राहिले. श्रमिक संघटनेची स्थापना झाली. लढा जमिनीचा आणि मजुरीचा होता. पण त्यातल्या बायका तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी दारूचे गुत्ते फोडले, आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला गावासमोर जाब विचारला. त्यावेळी त्यांना काय ऐकावे लागले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही: ही घरातली बाब आहे, बाहेरच्यांनी बोलू नये. बायकांनी ते ऐकले नाही. महाराष्ट्रातल्या स्त्री-चळवळीच्या इतिहासात शहाद्याच्या या बायकांचे स्थान मोठे आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना ते माहीत असते, हा वेगळाच प्रश्न.

तेव्हा दोन खाजगीपणांची गल्लत करू नये, असे आमचे म्हणणे आहे. एक खाजगीपण घराचे: उंबऱ्याच्या आत काय चालते ते बाहेरच्याने विचारू नये, असे सांगणारे. दुसरे माणसाचे: उंबऱ्याच्या आतसुद्धा प्रत्येकाचे स्वतःचे काही असते, असे सांगणारे. शहाद्याच्या बायकांनी पन्नास वर्षांपूर्वी पहिले मोडले, आणि ते मोडायलाच हवे होते. दुसरे अजून उभेच राहायचे आहे. आपली पंचाईत अशी की पहिले खाजगीपण आपण प्राणपणाने जपतो आणि दुसऱ्याला पाश्चात्त्य म्हणून हसतो.

कायद्याच्या क्षेत्रात हा वाद बराच पुढे गेला आहे. २०१५ साली आधारच्या सुनावणीत केंद्र सरकारच्या वतीने खाजगीपणा हा मूलभूत हक्क नाही, असा युक्तिवाद झाला होता. १९५४ आणि १९६२ सालच्या जुन्या निकालांचा त्यासाठी आधार घेतला गेला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो एकमताने फेटाळला आणि खाजगीपणा हा जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. हा हक्क मूठभर वरिष्ठ वर्गाची चैन आहे, हे म्हणणेही निकालात साफ नाकारले आहे. खाजगीपण कुटुंबाला नव्हे, व्यक्तीला चिकटलेले असते, हे त्या निकालाचे सूत्र. मराठी वाचकाला यात आणखी एक गोष्ट लक्षात येईल. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी याच निकालपत्रात आणीबाणीतला १९७६ सालचा जो निर्णय चुकीचा ठरवला, त्यात बहुमताच्या बाजूने त्यांचे वडील न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. नाते आपल्या जागी, विचार आपल्या जागी, एवढे साधे हे आहे. २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार योजना वैध ठरवली, पण खाजगी कंपन्यांना आधार मागण्याची मोकळीक देणारा भाग रद्द केला. म्हणजे क्रमांक राहिला, आणि तो कुणी, कशासाठी मागावा, हा प्रश्नही राहिला.

या प्रश्नाला आमच्या भागात अगदी अलीकडे कसे उत्तर दिले गेले ते पाहू. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना’ आणली. महिन्याला १५०० रुपये, वय २१ ते ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. पात्र स्त्रियांच्या यादीत शासनाने विवाहित, विधवा आणि घटस्फोटित यांच्याबरोबर ‘परित्यक्त्या’ आणि ‘निराधार’ हे शब्द स्वतः लिहिले. आम्हांला त्याचा आनंद झाला होता. टाकलेल्या बाईचे अस्तित्व सरकारी कागदाने मान्य केले, ही लहान गोष्ट नाही. पुढे १८ सप्टेंबर २०२५ च्या निर्णयाने लाभार्थी स्त्रियांना ई-केवायसी सक्तीची झाली. तिची पद्धत अशी: बाईने आधी आपला आधार क्रमांक आणि आपल्या मोबाइलवर आलेला ओटीपी द्यायचा, मग पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी द्यायचा. दुसरा टप्पा पार पडल्याशिवाय गाडी पुढे सरकत नसे.

ज्या भाषेत बायका पिढ्यान्‌पिढ्या नवऱ्याचे नाव उघड उच्चारत नव्हत्या, उखाण्याच्या आडोशाने घेत होत्या, त्या भाषेतल्या बाईला आता नवऱ्याचे नाव नव्हे तर नंबर घ्यायचा होता, आणि तोही ओटीपीसकट. एकीकडे याच राज्याने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावणे बंधनकारक केले. दुसरीकडे त्याच आईची ओळख तिच्या स्वतःच्या क्रमांकाने पुरी होत नाही, ती पुरुषाच्या क्रमांकाने पुरी होते, असे संगणकाच्या पडद्यावर लिहिले गेले. आधार क्रमांकाचे जे मोठे समर्थन २०१० पासून केले जात होते ते हेच की ज्याच्याकडे कोणताच कागद नाही त्याला स्वतःची ओळख मिळेल, कुणाच्या शिफारशीची गरज राहणार नाही. टेंभलीत ज्या दिवशी तो क्रमांक एका बाईच्या हाती दिला गेला त्या दिवशीचे ते आश्वासन होते. पंधरा वर्षांनी त्याच तालुक्यातल्या बाईला तिच्या क्रमांकासाठी पुरुषाच्या क्रमांकाची शिफारस आणावी लागली.

आमच्या एका माजी विद्यार्थिनीची हकीगत तिच्या परवानगीने, तिची ओळख पुसून सांगतो. नवरा गुजरातेत कामाला, चार वर्षांपासून दुसरे घर करून राहिलेला. घटस्फोट नाही, पोटगीचा दावा नाही. आपल्याकडे बहुतेक टाकलेल्या बायकांचे असेच असते. सप्टेंबरनंतर तिने दिराकरवी निरोप धाडला. नवऱ्याने क्रमांक द्यायला नकार दिला नाही. त्याने अट घातली: दर महिन्याला पाचशे रुपये. ओटीपी दहा मिनिटांत शिळा होतो, त्यामुळे घासाघीस करायलाही वेळ नसतो, असे ती हसत हसत म्हणाली. आम्हांला हसू आले नाही. चार वर्षे ज्याने तोंड दाखवले नाही त्याच्या हाती शासनाने बाईच्या पैशाची किल्ली नेऊन दिली होती, आणि हे कुणी कट करून केलेले नव्हते. एका रकान्यामुळे झाले होते.

शासनाची बाजू आम्ही टाळत नाही. योजना कुटुंबाच्या उत्पन्नावर अवलंबून आहे. तेव्हा पतीचे किंवा वडिलांचे उत्पन्न तपासणे भाग आहे, आणि अपात्र लोकांनी लाभ घेतल्याच्या तक्रारीही होत्या. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागण्याचा शासनाला अधिकार आहे. तो आम्ही नाकारत नाही. पण ज्याचे उत्पन्न तपासायचे त्याची संमती त्याच्याकडून घ्यावी. ती आणून देण्याचे काम घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसावर का टाकावे? शिधापत्रिकेला घरातल्या सदस्यांचे आधार जोडण्याची मोहीम या राज्यात याआधी झालेली आहे. जी माहिती एका विभागाच्या दप्तरात आहे तीच बाईच्या हातून पुन्हा मागवणे ही तपासणी नव्हे, तो हेलपाटा आहे. दुसरा रस्ता अशक्य आहे असेही नाही. आधार प्राधिकरणाने जानेवारी २०२३ मध्ये कुटुंबप्रमुखाच्या आधारावरून पत्ता बदलण्याची सोय केली. तिच्यात विनंती कुटुंबप्रमुखाकडे स्वतंत्रपणे जाते, तीस दिवसांत त्याने आपल्या खात्यातून होकार किंवा नकार द्यायचा असतो, आणि त्याची इतर माहिती अर्जदाराला दिसत नाही. क्रमांक तेथेही द्यावा लागतो, हे खरे. पण संमती तरी ज्याची त्याच्याकडून घेतली जाते. जे पत्त्यासाठी सुचले ते १५०० रुपयांसाठी का सुचू नये?

आरडाओरड झाल्यावर मुदत १८ नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली, आणि पती किंवा वडील हयात नसलेल्या तसेच घटस्फोटित स्त्रियांना मृत्यूचा दाखला किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे देण्याची मुभा मिळाली. ठीक झाले. पण परित्यक्तेने कोणता दाखला आणायचा? नवरा सोडून गेला, याचा दाखला कोणत्याही कार्यालयात मिळत नाही. शासनाच्या यादीत जिला जागा होती तिला शासनाच्याच पडद्यावर जागा नव्हती.

आता याच प्रश्नाची उलटी बाजू पाहू, कारण तिच्याशिवाय आमचे म्हणणे अर्धवट राहील. कर्नाटकात हुबळीच्या एका स्त्रीला कौटुंबिक न्यायालयाने पोटगी मंजूर केली होती. तिला दरमहा दहा हजार आणि मुलीला पाच हजार. नवऱ्याचा पत्ताच लागेना, म्हणून आदेश बजावता येईना. तिने माहितीच्या अधिकारात आधार प्राधिकरणाकडे नवऱ्याच्या नोंदीतला पत्ता मागितला. प्राधिकरणाने नकार दिला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापर्यंत गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन न्यायमूर्तींनी सांगितले की विवाहाच्या नात्याने खाजगीपणाचा हक्क झाकला जात नाही; आधार कायद्याच्या ३३ व्या कलमानुसार उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी, संबंधित व्यक्तीचे ऐकून घेऊन, आदेश दिला तरच अशी माहिती उघड करता येते. नवऱ्याला पक्षकार करून प्रकरण पुन्हा ऐकावे, असे म्हणून ते परत पाठवण्यात आले.

हा निकाल वाचून आमच्यातच दोन तट पडले होते. एक म्हणत होता, पळून गेलेल्या नवऱ्याला कसले खाजगीपण? आम्हांला शेवटी असे वाटले की तत्त्व बरोबर आहे आणि त्या बाईची उपेक्षा मात्र अक्षम्य आहे. तिला नवऱ्याचा पत्ता खिशात ठेवायला नको होता. तिला पोटगी हवी होती. पत्ता न्यायालयाने मागवावा, वॉरंट न्यायालयाने बजवावे, बाईने तो पत्ता पाहण्याची गरजच काय? सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी, नागपूर खंडपीठाकडून आलेल्या एका प्रकरणात, पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंनी आपली मिळकत आणि देणी शपथपत्रावर उघड करावीत, असा नियम घालून दिला आहे. तेथेही माहिती मिळते ती नवरा-बायकोच्या नात्यामुळे नव्हे, न्यायालयासमोर उभ्या असलेल्या दाव्यामुळे.

दोन खिडक्यांवरची ही दोन उत्तरे शेजारी ठेवून पाहावीत. हुबळीची बाई पोटगीसाठी नवऱ्याची माहिती मागते, तेव्हा व्यवस्था तिला सांगते की पत्नी झाली म्हणून काय झाले, त्याची माहिती त्याची आहे. शहाद्याची बाई हक्काच्या १५०० रुपयांसाठी जाते, तेव्हा व्यवस्था सांगते की पत्नी आहेस ना, मग त्याचा नंबर घेऊन ये. दोन्ही वेळा कायद्याची आणि नियमाची भाषा आहे, आणि दोन्ही वेळा रिकाम्या हाताने परतते ती बाईच. नाते कधी भिंत होते, कधी दोरी; कधी काय व्हायचे ते बाईच्या सोयीने मात्र ठरत नाही. ज्याला गरज आहे त्याला दाव्याच्या मार्गाने माहिती मिळावी, आणि केवळ नाते आहे म्हणून कुणालाही ती मिळू नये वा कुणावरही ती आणण्याची सक्ती होऊ नये, एवढीच आमची मागणी आहे.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे. घरात म्हातारी माणसे असतात, त्यांना ओटीपी वाचता येत नाही, बोटांचे ठसे उमटत नाहीत. त्यांचे सगळे मुलासुनांनीच करायचे असते. अशा वेळी तुमचे हे व्यक्तीचे खाजगीपण आईच्या पेन्शनच्या आड येणार काय? मुळीच नाही. मदत करणे आणि ताब्यात ठेवणे यांत फरक आहे, आणि तो फरक म्हाताऱ्या माणसांना आपल्याहून चांगला कळतो. आईसोबत बँकेत जाणे ही मदत. आईचे कार्ड, पासबुक आणि सिमकार्ड आपल्या कपाटात ठेवून तिला पन्नास रुपये मागायला लावणे हा ताबा. ‘तुझ्या चांगल्यासाठी’ हे वाक्य दोन्हीकडे असते. ओळखायचे ते कार्ड कुणाच्या पेटीत आहे यावरून.

दुसरा आक्षेप आमच्या वर्गातूनच येतो. जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी भिल्ल, पावरा, कोकणा विद्यार्थ्याला वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या माणसांचे जुने कागद आणि पडताळणी प्रमाणपत्रे लागतात. तेथे नाते हाच पुरावा असतो. चुलत्याशी बांधावरून भांडण असेल तर पुतण्याचा प्रवेश अडकतो. आम्ही अशी मुले पाहिली आहेत. येथे नातेवाइकाच्या कागदाची गरज खरी आहे, हे आम्ही मान्य करतो. पण ज्या समितीने चुलत्याला प्रमाणपत्र दिले तिच्याच दप्तरात त्याची नोंद आहे. विद्यार्थ्याने नाव आणि नाते सांगावे, समितीने आपले दप्तर उघडावे. चुलत्याच्या दारात झेरॉक्ससाठी मुलाला उभे करण्याचे कारण दप्तराच्या आळसाखेरीज दुसरे दिसत नाही.

नव्या कायद्याकडून तरी काही आशा बाळगावी काय? २०२३ साली संसदेने वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा केला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. त्यात अगदी सुरुवातीलाच म्हटले आहे की एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही. यामागचे कारण समजण्यासारखे आहे. भाचीचा फोन नंबर वहीत लिहिला म्हणून मामाला नोटीस येऊ नये. पण परिणाम असा की कायदा उंबऱ्याशी येऊन चपला काढतो आणि बाहेरच बसतो. त्याच कायद्याने माहितीच्या अधिकारातले एक कलम मात्र बदलले: वैयक्तिक माहिती नाकारताना पूर्वी त्या कलमातच जनहिताची जी कसोटी होती ती काढून टाकली. खाजगीपणाचा उपयोग अधिकाऱ्याला झाकण्यासाठी तत्परतेने होतो आणि सुनेला राखण्यासाठी होत नाही, याची नोंद वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनीही घ्यावी.

म्हणून घराच्या आतले काम कायदा करणार नाही. ते रीतीभाती बदलूनच होईल, आणि रीती बदलण्याच्या कामात शिक्षकाचा वाटा असतो. आमचा आतापर्यंतचा वाटा लाजिरवाणा आहे. प्रवेशाच्या वेळी लागो न लागो, आई-वडिलांच्या आधार कार्डांची झेरॉक्स आम्ही मागतो. विद्यार्थ्यांच्या क्रमांकांच्या याद्या आम्ही व्हॉट्सअॅपच्या गटांवर टाकल्या आहेत. मुलीचा अर्ज घेऊन आलेल्या भावाला तिचा सगळा तपशील आम्ही काही न विचारता दाखवला आहे, कारण तो ‘घरचाच’ होता. प्राधिकरणाच्या एका प्रादेशिक कार्यालयाने मे २०२२ मध्ये आधारची झेरॉक्स कुठेही देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत द्या, असे पत्रक काढले होते. दोन दिवसांत सरकारने गैरसमज होईल म्हणून ते मागे घेतले. पत्रक गेले, पण चार आकड्यांची प्रत काढण्याची सोय आजही आहे.

यंदाच्या प्रवेशापासून आम्ही तीन गोष्टी करायचे ठरवले आहे. विद्यार्थ्याच्या कुटुंबातल्या कुणाचाही क्रमांक, नियमात स्पष्ट लिहिले नसेल तर, मागायचा नाही. लागलाच तर झाकलेली प्रत घ्यायची आणि काम झाल्यावर परत द्यायची. आणि मुलीची माहिती तिच्याखेरीज दुसऱ्या कुणालाही, तो सख्खा बाप असला तरी, तिला विचारल्याशिवाय द्यायची नाही. तिसऱ्या गोष्टीवरून भांडणे होतील, हे आम्हांला ठाऊक आहे. पहिले भांडण आमच्याच प्राध्यापक-कक्षात झाले, आणि ते अजून मिटलेले नाही.